वाचकांचे प्रश्न : इंग्लंडच्या चर्चमधील घंटा आणि त्यांचे पालटते क्रम

प्रश्न : मुलीकडे नॉरिच येथे मुक्कामाला असताना आठवड्यातील एका ठरावीक संध्याकाळी जवळच्या चर्चमधून तास-दीड तास घंटांचा नाद येत असे. घंटा एकामागून एक अगदी नेमक्या अंतराने वाजत, पण त्यातून ना कुठली चाल ओळखू येई, ना कुठले पद. हे वादन माणसे करतात की यंत्र, आणि त्यामागे काही नियम असतो का?
— एक निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : हे वादन माणसेच करतात, एका घंटेला एक माणूस याप्रमाणे, आणि आपल्याला चाल ओळखू आली नाही याचे कारण तिथे चाल नसतेच. इंग्लंडमध्ये या कलेला ‘चेंज रिंगिंग’ म्हणतात. सहा, आठ किंवा बारा घंटा आधी चढ्या आवाजाच्या लहान घंटेपासून खर्जातील मोठ्या घंटेपर्यंत उतरत्या क्रमाने वाजवल्या जातात, आणि मग दर फेरीला हा क्रम ठरलेल्या नियमाने बदलत नेला जातो. आपण ऐकलेली संध्याकाळ बहुधा सरावाची असावी. बहुतेक मनोऱ्यांत आठवड्यातील एक संध्याकाळ सरावासाठी राखलेली असते आणि रविवारी उपासनेच्या आधी प्रत्यक्ष वादन होते. लग्नकार्यात आणि राष्ट्रीय प्रसंगीही याच घंटा वाजतात, आणि अंत्यविधीच्या किंवा स्मरणाच्या दिवशी लोलकाच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधतात, त्यामुळे एक फेरी खणखणीत आणि तिच्या मागची फेरी दबलेली, दुरून आल्यासारखी ऐकू येते.

ही पद्धत अशीच का घडली, हे समजण्यासाठी घंटा टांगलेली कशी असते ते पाहिले पाहिजे, कारण सगळे मर्म तिथेच आहे. आपल्या देवळात घंटा स्थिर असते आणि आपण लोलक हलवतो. इंग्लिश मनोऱ्यात मात्र घंटा स्वतःच फिरते. ती एका मोठ्या लाकडी चाकाला जोडलेली असते आणि चाकाच्या कडेवरून दोर खालच्या खोलीत सोडलेला असतो. वादनाच्या आधी तिला झोके देत देत, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा थोडा उंच नेत, शेवटी उलटी उभी करतात, म्हणजे तिचे तोंड आकाशाकडे होते. त्या स्थितीत ती एका लाकडी अडसराच्या आधाराने टेकून राहते. वादकाने दोर ओढला की ती तोल सोडून खाली येते, जवळजवळ पूर्ण वर्तुळ फिरते आणि पलीकडून वर जाऊन पुन्हा तोंड वर करून थांबते. या एका फेरीत लोलक एकदाच आदळतो. पुढच्या ओढीला हीच घंटा उलट दिशेने फिरते आणि दुसरा टोला पडतो.

दोराच्या एका भागावर रंगीत लोकरीचा जाड, मऊ पट्टा विणलेला असतो. त्याला ‘सॅली’ म्हणतात. पहिल्या ओढीला वादक हा पट्टा दोन्ही हातांनी धरून खाली खेचतो आणि लगेच सोडून देतो, पण दोराचे टोक हातातून सुटू देत नाही. दोर चाकाभोवती गुंडाळला जात असताना पट्टा सरसर वर निघून जातो आणि वादकाचे हात डोक्यावर ताणले जातात. दुसऱ्या ओढीला तो टोकावरूनच खेचतो आणि खाली येणारा पट्टा पुन्हा झेलतो. पट्टा सोडायला क्षणभर उशीर झाला तर दोर माणसाला वर ओढू शकतो, म्हणून नवशिक्याला कित्येक दिवस केवळ हेच शिकवतात, तेही अनुभवी माणूस शेजारी उभा राहून.

आता प्रश्न असा की शेकडो किलो वजनाची ही फिरती घंटा हवी तेव्हा कशी वाजवायची? उत्तर असे की ती हवी तेव्हा वाजवता येतच नाही. वर तोलाच्या टोकाला ती क्षणभर अधिक रोखून धरता येते किंवा टोकापर्यंत जाऊ न देता किंचित लवकर परत फिरवता येते, बस्स. म्हणजे पुढच्या फेरीत तिची जागा फार तर एकाने मागे किंवा एकाने पुढे सरकू शकते. एखादी चाल वाजवायची तर एकच स्वर लागोपाठ दोनदा लागेल, किंवा पहिली घंटा एकदम सहाव्या जागी न्यावी लागेल, आणि इतका मोठा भार फिरत असताना ते शक्य नसते. युरोपच्या मुख्य भूमीवर, विशेषतः बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये, घंटा स्थिर ठेवून त्यांचे लोलक तारांनी एका पट्ट्यांच्या वाद्याला जोडले आणि एकच वादक त्यावर सुंदर चाली वाजवू लागला. इंग्लंडने दुसरी वाट धरली: चाल सोडून दिली आणि क्रमांच्या पालटातच सौंदर्य शोधले. माझ्या मते हा निर्णय फार धीट होता, कारण त्यामुळे ऐकणाऱ्याला गुणगुणण्यासारखे काही उरले नाही, आणि तरीही ही कला चारशे वर्षे टिकली.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण चाकाची रचना रूढ होत गेली आणि तिथून या वादनाने झपाट्याने पुढचा टप्पा गाठला. लंडनमधील ‘एन्शंट सोसायटी ऑफ कॉलेज यूथ्स’ ही वादकांची संस्था १६३७ पासूनची मानली जाते आणि ती आजही चालू आहे. रिचर्ड डकवर्थ यांनी लिहिलेले आणि फेबियन स्टेडमन यांनी प्रसिद्ध केलेले ‘टिंटिनालोजिया’ हे या विषयावरचे पहिले पुस्तक १६६८ मध्ये आले, आणि १६७७ मध्ये स्टेडमन यांचे स्वतःचे ‘कॅम्पॅनालोजिया’ निघाले. स्टेडमन व्यवसायाने मुद्रक होते, आणि त्यांच्या नावाने ओळखली जाणारी वादनपद्धत आजही इंग्लंडभर वाजते. आपण ज्या गावी राहिलात त्या नॉरिचचे तर या इतिहासात मानाचे स्थान आहे: तेथील सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये २ मे १७१५ रोजी ५,०४० क्रमांचे, एकही क्रम पुन्हा न येणारे पहिले पूर्ण वादन झाले, अशी नोंद आहे. पुन्हा तिकडे जाणे झाले तर बाजारपेठेला लागूनच असलेले ते चर्च अवश्य पाहावे.

प्रश्न : मी गणिताची विद्यार्थिनी आहे. घंटावादनाचा संबंध क्रमपर्यायांशी, म्हणजे ‘परम्युटेशन’शी, आहे असे वाचले. तो संबंध नेमका कसा आहे, आणि आपल्याकडे संगीतात असा विचार कधी झाला होता का?
— एक वाचिका, कर्वेनगर

उत्तर : आपला दुसरा प्रश्न मला विशेष आवडला, पण आधी पहिल्याकडे वळू.

नियम तीनच आहेत. प्रत्येक फेरीत प्रत्येक घंटा एकदाच वाजावी. एका फेरीतून पुढच्या फेरीत जाताना कोणतीही घंटा एकाहून अधिक जागा सरकू नये. आणि सुरुवातीचा क्रम शेवटी परत येईपर्यंत कोणताही क्रम दुसऱ्यांदा येऊ नये. चार घंटा घेऊन हे कागदावर करून पाहावे. १२३४ पासून निघून दोन्ही जोड्यांची अदलाबदल केली की २१४३ मिळतो. मग फक्त मधल्या दोघींची अदलाबदल: २४१३. पुन्हा दोन्ही जोड्या: ४२३१. असेच आलटून पालटून पुढे ४३२१, ३४१२, ३१४२, १३२४, आणि त्यानंतर मूळचा १२३४ परत येतो. क्रमांक १च्या घंटेचा प्रवास पाहा: ती एकेक जागा मागे जात शेवटी पोहोचते, तिथे दोन फेऱ्या राहते आणि तशीच एकेक पाऊल पुढे येते. बाकीच्या तिघीही हाच प्रवास करतात, फक्त आपापल्या वेळी निघून.

पण चार घंटांचे क्रम चोवीस असतात आणि इथे आठच झाले. उरलेले सोळा मिळवण्यासाठी एक छोटीशी युक्ती आहे, आणि ती ज्याला प्रथम सुचली त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. १३२४ वर पोहोचल्यावर मधल्या दोघींची अदलाबदल न करता फक्त शेवटच्या दोघींची करायची. मग १२३४ ऐवजी १३४२ येतो आणि त्याच्यापासून पूर्वीसारखेच आठ नवे क्रम सुरू होतात. त्यांच्या शेवटी तीच युक्ती केली की १४२३ येतो, आणखी आठ क्रम होतात, आणि त्यानंतर आपण बरोबर १२३४ वर परत येतो. चोवीसच्या चोवीस क्रम, एकही दोनदा नाही. या रचनेला ‘प्लेन बॉब’ म्हणतात आणि घंटावादनाचे शिक्षण साधारण इथूनच पुढे सरकते. क्रमपर्यायांचा गट आणि त्याचे उपगटांनी पडणारे समान तुकडे हा विषय आपण अभ्यासक्रमात शिकला असालच. घंटावादक सतराव्या शतकातच दोरांच्या साहाय्याने त्या विभागणीत वावरत होते, आणि गणितज्ञांनी गटांचा सिद्धान्त मांडला तो त्यानंतर शतकाहून अधिक काळाने.

घंटा वाढल्या की संख्या किती वेगाने फुगते ते आपल्याला ठाऊक आहे. पाच घंटांचे १२०, सहांचे ७२०, सातांचे ५,०४०, आठांचे ४०,३२०. सातांचा पूर्ण संच वाजवायला साधारण तीन तास लागतात, आणि म्हणूनच पाच हजारांच्या आसपासचे क्रम हे पूर्ण वादनाचे, म्हणजे ‘पील’चे, माप ठरले. आठ घंटांचा पूर्ण संच जुलै १९६३ मध्ये लफबरो येथील घंटांच्या ओतशाळेच्या मनोऱ्यात आठ जणांनी वाजवला. त्याला १७ तास ५८ मिनिटे लागली, आणि त्या वेळात एकही वादक बदलला नाही. बारा घंटांचा संच ४७ कोटी ९० लाख १ हजार ६०० क्रमांचा होतो; तो न थांबता वाजवत राहिले तरी तीस वर्षांहून अधिक काळ लागेल.

हे सर्व पाठ असावे लागते, कारण पूर्ण वादनात समोर कागद ठेवण्याची प्रथा नाही. पण वादक हजारो क्रमांचे आकडे पाठ करत नाहीत. ते आपल्या घंटेचा मार्ग पाठ करतात: मागे जाणे, पुढे येणे, मधल्या जागी थबकणे, एक पाऊल उलट घेऊन पुन्हा पुढे निघणे. कागदावर आकड्यांच्या ओळींमधून हा मार्ग निळ्या रेषेने आखतात आणि ती नागमोडी रेषा डोळ्यांपुढे ठेवून वाजवतात. वादक वर्तुळाकार उभे असतात, त्यामुळे आपल्या आधी कोणाचा दोर खाली येतो हे प्रत्येकाला दिसते, आणि त्या दोराच्या पाठोपाठ आपला ओढायचा. यांपैकी एक जण संचालक असतो. तो योग्य क्षणी ‘बॉब’ किंवा ‘सिंगल’ असा पुकारा करतो आणि त्यासरशी काही घंटांचे मार्ग बदलतात. वर सांगितलेल्या युक्तीसारख्याच युक्त्या हे पुकारे घडवून आणतात.

आता आपल्याकडचे. ५,०४० हा आकडा आपल्या संगीतशास्त्रात नॉरिचच्या वादनाच्या कितीतरी शतके आधी येऊन गेला आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात एका स्वरापासून सात स्वरांपर्यंत किती तऱ्हेचे क्रम होतात ते दिले आहे: १, २, ६, २४, १२०, ७२० आणि ५,०४०. सरळ चढणे-उतरणे सोडून वाकड्या क्रमाने जाणाऱ्या या तानांना कूटतान म्हणतात. शार्ङ्गदेव केवळ मोजून थांबत नाहीत. ते सर्व क्रम ओळीने मांडण्याची रीत, म्हणजे प्रस्तार, सांगतात. शिवाय अमुक क्रमांकाची तान कोणती आणि अमुक तानेचा क्रमांक कोणता, हे सगळा प्रस्तार न लिहिता काढण्यासाठी ‘खंडमेरू’ नावाचा कोठा देतात. ख्यालगायनातील मेरुखंडाची परंपरा याच विचाराशी जोडली जाते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही अंकपाशाच्या प्रकरणात दहा हातांतील दहा आयुधांची अदलाबदल केल्यास शंकराच्या मूर्ती किती प्रकारच्या होतील असा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ३६,२८,८०० हेच दहा घंटांच्या पूर्ण संचाचेही उत्तर आहे.

मात्र या दोन परंपरांत एक मूलभूत फरक आहे आणि तो नजरेआड करून चालणार नाही. शार्ङ्गदेवांच्या प्रस्तारात एका तानेवरून पुढच्या तानेवर जाताना स्वर कितीही जागा ओलांडू शकतो, कारण गळ्याला किंवा वीणेला त्याची अडचण नाही. घंटावादकाला ती मोकळीक नाही. शेजारच्या शेजारी अदलाबदल करतच सर्व क्रम गाठायचे ही अट त्याच्यावर धातूच्या वजनाने घातली, आणि ती अट पाळताना जे गणित जन्मले ते प्रस्तारापेक्षा निराळे आहे. शेजारच्या दोघांचीच अदलाबदल करत सर्व क्रमपर्याय काढण्याची जी रीत आज संगणकशास्त्रात शिकवतात, ती सतराव्या शतकातील घंटावादकांना माहीत होती. आपण पदव्युत्तर प्रकल्पासाठी विषय शोधत असाल, तर खंडमेरू आणि ‘प्लेन बॉब’ शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा विचार जरूर करावा.

प्रश्न : गुरुवार पेठेतील पंचहौद चर्चच्या मनोऱ्यातही घंटा आहेत. त्या याच प्रकारच्या म्हणायच्या का? आणि भीमाशंकर, मेणवली येथील पोर्तुगीज घंटांचा याच्याशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : पवित्र नाम देवालय हे त्या चर्चचे नाव. १८८५ पासून ते तिथे उभे आहे, आणि १८९० च्या चहा-प्रकरणामुळे टिळक आणि रानडे यांच्या चरित्रांतून पंचहौद मिशनचे नाव महाराष्ट्राला परिचित झाले. चर्चपासून सुटा असलेला त्याचा उंच मनोरा पेठेत लांबून दिसतो आणि त्यात आठ घंटांचा संच आहे. आठ घंटांचा संच इंग्लिश परंपरेला अगदी साजेसा आहे, कारण सप्तकाचे सर्व स्वर त्यात येतात.

पण घंटा आठ आहेत एवढ्यावरून त्या कशा वाजतात हे ठरत नाही. इंग्लंडमध्येसुद्धा एकच संच दोन प्रकारे वाजू शकतो. १८२१ मध्ये ग्लॉस्टरशरमधील बिटन येथील धर्मगुरू एलाकोम्ब यांनी अशी चौकट तयार केली की घंटा स्थिर राहतात, प्रत्येक घंटेला आतून हातोडा बसवलेला असतो आणि सर्व हातोड्यांचे दोर एका चौकटीत येतात. मग एकच माणूस समोर उभा राहून सगळ्या घंटा वाजवू शकतो. वादकांची टोळकी मद्यपान करून चर्चमध्ये दंगा करतात, त्यांच्यावाचून काम भागावे, हा त्यामागचा हेतू होता. इंग्लंडबाहेर, जिथे आठ प्रशिक्षित वादक मिळणे कठीण, तिथे ही रीत सोयीची ठरली. फरक कानाने ओळखता येतो. एखाद्या भक्तिगीताची चाल ऐकू आली तर घंटा स्थिर आहेत असे निश्चित समजावे. चाल नाही, अंतर काटेकोर आहे, आणि प्रत्येक टोल्याचा नाद झोक्याबरोबर किंचित फुलून ओसरतो आहे, असे असेल तर घंटा फिरत आहेत. नाताळच्या दिवसांत त्या बाजूला गेलात तर लक्ष देऊन ऐकावे.

वसईच्या घंटांची गोष्ट वेगळी आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधील घंटा विजयचिन्ह म्हणून आणल्या गेल्या आणि भीमाशंकर, मेणवली, नाशिकचे नारोशंकराचे मंदिर अशा ठिकाणी देवापुढे बांधल्या गेल्या. त्यांची घडण युरोपातील, पण परंपरा इंग्लिश नव्हे; पूर्ण वर्तुळ फिरवून क्रम पालटण्याची रीत पोर्तुगालमध्ये नव्हती. धातू मात्र दोन्हीकडे एकाच जातीचा असतो: तांब्यात साधारण पाचवा हिस्सा किंवा थोडे अधिक कथील मिसळलेले कांसे. कथील याहून फार वाढले तर घंटा ठिसूळ होऊन तडकते, आणि फार कमी झाले तर तिचा नाद बोथट होतो.

प्रश्न : माझे वय बासष्ट आहे. मुलगा इंग्लंडमध्ये असतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जाणार आहे. स्त्रियांना, तेही या वयात, हे वादन पाहायला किंवा शिकायला मिळते का? त्यासाठी फार ताकद लागते का?
— एक वाचिका, कोथरूड

उत्तर : ताकदीपेक्षा वेळेचे भान अधिक लागते. घंटा तोलून बसवलेली असल्यामुळे ती फिरती ठेवायला थोडीशी ओढ पुरते. उलट जोर लावणाऱ्याच्याच हातून ती बिघडते. लिव्हरपूल कॅथीड्रलमधील या प्रकारच्या संचातील सर्वांत मोठी घंटा चार टनांहून जड आहे, तरी तिलाही माणसेच वाजवतात. स्त्रियांना पूर्वी या खोल्यांत सहज प्रवेश नव्हता, पण १९१२ मध्ये स्त्री-वादकांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली, आणि आता शाळकरी मुलींपासून सत्तरी ओलांडलेल्या आजींपर्यंत सर्व वयांच्या स्त्रिया वाजवताना दिसतात. वादकांची गरज तर कायमच असते. पहिल्या महायुद्धात सुमारे १,४०० घंटावादक मृत्युमुखी पडले होते. २०१८ मध्ये युद्धसमाप्तीची शताब्दी साजरी करताना तेवढेच नवे वादक तयार करण्याची मोहीम देशभर राबवली गेली. दुसऱ्या महायुद्धात तर जून १९४० पासून चर्चच्या घंटा वाजवण्यावर बंदीच होती, कारण त्या केवळ शत्रूच्या आक्रमणाचा इशारा देण्यासाठी राखून ठेवल्या होत्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये अल अलामीनच्या विजयानंतर त्या एका दिवसापुरत्या वाजल्या, आणि बंदी पुरती उठायला १९४३ उजाडले.

आपल्या मुलाच्या गावी सरावाची संध्याकाळ कोणती आहे हे चर्चच्या सूचनाफलकावर बहुधा लिहिलेले असते. वादनाच्या खोलीत पाहुण्यांचे स्वागत होते, आणि त्यासाठी ख्रिस्ती असण्याची अट नसते. वर जाण्याचा जिना अनेक ठिकाणी अरुंद, गोल आणि चढा असतो, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असल्यास आधी चौकशी करावी; काही मनोऱ्यांत वादक जमिनीच्या पातळीवरच उभे राहतात. भिंतींवर जुन्या पूर्ण वादनांच्या नोंदी असलेले लाकडी फलक असतात, ते वाचावेत. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी: कुणी सांगितल्याशिवाय दोराला हात लावू नये. दोर निवांत लोंबकळत असला, तरी वर घंटा उलटी उभी करून ठेवलेली असू शकते, आणि अशा दोराला नुसता झटका बसला तरी ती खाली येते. शिकायचे असेल तर तसे स्पष्ट सांगावे. पहिल्याच दिवशी शिक्षक एक ओढ स्वतः घेऊन दुसरी आपल्याला घ्यायला देतील. पुरेसे आठवडे मुक्काम असेल तर घंटा एकटीने हाताळण्यापर्यंत मजल जाऊ शकते, आणि लहान घंटा मागून घेतली तर ते अधिक सोपे जाईल.